छत्री, धरण आणि रोलबॅक

गेल्या महिन्यात गावाकडच्या घराचा माळा साफ करताना आबांचा ट्रान्झिस्टर सापडला. चामड्याचं कव्हर फाटलेलं, पट्टा गायब, आणि टेलिस्कोपिक अँटेनाच्या सहा नळ्यांपैकी शेवटच्या दोन मोडलेल्या. त्या मीच मोडल्या होत्या. लहानपणी ती चकचकीत नळी एकातून एक बाहेर ओढायची आणि तळहातानं दाबून परत बंद करायची, हा माझा आवडता खेळ होता. एकदा जरा जोरात दाबलं आणि मटकन वाकली. आबा ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "अरे, उघडायची वस्तू हळू उघडावी."

आता एक गंमत सांगतो. आबा सकाळी आकाशवाणी सांगली लावायचे आणि त्यासाठी आधी ती अँटेना पूर्ण ओढायचे. मग कधी खिडकीकडे, कधी देवघराकडे ट्रान्झिस्टर फिरवत बसायचे. कॉलेजात गेल्यावर मला कळलं की अँटेना ओढण्याचा काडीचा उपयोग नव्हता! सांगली केंद्र होतं मध्यम लहरींवर, १२५१ किलोहर्ट्झला. म्हणजे लहरीची लांबी सुमारे २४० मीटर. मीटरभर नळीला ती लहर फारशी सापडत नाही. मध्यम लहरी पकडायला ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची एक कांडी असते, तिच्यावर तारेचं वेटोळं असतं. आबा ट्रान्झिस्टर फिरवायचे तेव्हा ही कांडी फिरायची आणि आवाज स्वच्छ व्हायचा. श्रेय मात्र आयुष्यभर नळीनं खाल्लं.

हे मी आबांना कधी सांगितलं नाही. त्यांच्याकडे सांगायला माझ्यापेक्षा मोठ्या गोष्टी होत्या. आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या काठाला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी काय झालं, हे मी त्यांच्याकडून शंभर वेळा तरी ऐकलं असेल. भांडी पडली, कुत्री आधीच भुंकत होती, आजीनं दोन पोरं काखेत मारली आणि दाराची कडी निघेना. पुढचा महिनाभर सगळं गाव थंडीत अंगणात झोपलं.

आज लिहायचं आहे ते उघडणाऱ्या अँटेनांबद्दल. पण मला हे दोन विषय वेगळे करता येत नाहीत, आणि का ते शेवटापर्यंत लक्षात येईल.

शुक्रवारी डिप्लॉय करू नये

आपल्या धंद्यात एक अलिखित नियम आहे : शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉयमेंट करायचं नाही. केलंच तर रोलबॅकचा रस्ता मोकळा ठेवायचा. बटण दाबलं, काहीतरी फाटलं, की जुनी आवृत्ती परत चढवायची, क्लायंटला एक सॉरीचा मेल टाकायचा आणि घरी जायचं.

उपग्रहवाले लोकही डिप्लॉयमेंट हाच शब्द वापरतात. घडी घालून वर नेलेली अँटेना अवकाशात उघडणं म्हणजे त्यांचं डिप्लॉयमेंट. फरक एवढाच की तिथं रोलबॅक नाही. ७०० किलोमीटरवर किंवा ३६,००० किलोमीटरवर कुणी पाना घेऊन जाऊ शकत नाही. उघडली तर उघडली.

मग मुळात घडी घालायचीच कशाला? दोन कारणं आहेत आणि ती एकमेकांच्या उरावर बसतात.

पहिलं कारण. बशीसारख्या अँटेनाचा झोत किती अरुंद, हे लहरीची लांबी भागिले बशीचा व्यास यावर ठरतं. बॅटरीचा (म्हणजे टॉर्चचा) आरसा मोठा असेल तर झोत नेमका पडतो, तसंच. झोत जितका अरुंद तितकी ताकद हव्या त्या जागी जास्त पोचते आणि तिथून येणारा क्षीण संदेशही जास्त पकडला जातो. लहर लांब असेल तर बशी त्या प्रमाणात मोठी लागते.

दुसरं कारण. रॉकेटचं टोक लहान असतं. त्याच्या आत तीन-चार मीटरपेक्षा रुंद वस्तू सहसा मावत नाही.

मोठी हवी आणि मावत तर नाही. अशा वेळी माणसानं हजारो वर्षांपूर्वी एक उपाय काढून ठेवलेला आहे : छत्री.

छत्रीला कापड लागतं, आणि इथं निसर्गानं एक सवलत दिली आहे. रेडिओ लहरीला भोकं दिसत नाहीत, जर ती लहरीच्या लांबीपेक्षा खूपच लहान असतील तर. त्यामुळे सलग पत्र्याऐवजी जाळी चालते. जाळी हलकी असते आणि जाळीची घडी होते.

जतच्या पलीकडं

या छत्रीचा पहिला मोठा प्रयोग आपल्या अगदी शेजारी येऊन गेला होता. मला हे खूप उशिरा कळलं.

३० मे १९७४ रोजी नासानं एटीएस-६ हा उपग्रह सोडला. त्याच्या डोक्यावर ९ मीटरची (३० फुटांची) छत्री होती. ॲल्युमिनियमच्या ४८ चपट्या काड्या, त्यांच्यावर तांब्याचा मुलामा दिलेल्या पॉलिएस्टर धाग्याची जाळी. वर जाताना या काड्या मधल्या तुंब्याभोवती मोजपट्टीसारख्या गुंडाळलेल्या. सुताराची पोलादी टेप आठवा : गुंडाळलेली असताना तिच्यात ताण साठतो आणि सोडली की सळ्ळकन सरळ होते. तेच तत्त्व. बांधलेली दोरी कापली आणि काही सेकंदांत छत्री उघडली.

त्या आधीचे दळणवळण उपग्रह खाली क्षीण संदेश पाठवायचे. तो पकडायला जमिनीवर प्रचंड बशा लागायच्या. (आपल्या आर्वीचं उपग्रह भूकेंद्र आठवा, नारायणगावच्या पुढं.) एटीएस-६ नं गणित उलटं केलं. मोठी अँटेना वर नेली, म्हणजे खालची लहान आणि स्वस्त झाली तरी चालते. इतकी स्वस्त की ती खेड्यात शाळेच्या छपरावर ठेवता येईल.

विक्रम साराभाईंना नेमकं हेच हवं होतं. शहरांपासून खेड्यांपर्यंत टीव्हीचे मनोरे उभारत जायला दशकं लागली असती. त्यापेक्षा थेट आकाशातून खेड्यात. १९६९ साली नासाशी करार झाला, १९७१ मध्ये साराभाई गेले, आणि १ ऑगस्ट १९७५ ला 'साइट' नावाचा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेनं वर्षभरासाठी उपग्रह आफ्रिकेच्या पूर्व भागावर सरकवून दिला. कार्यक्रम आपले, जमिनीवरची यंत्रणा आपली. या सगळ्याचे प्रोग्रॅम मॅनेजर होते एकनाथ चिटणीस. जन्म कोल्हापूरचा, १९२५ चा. शंभरी पूर्ण करून ते २०२५ मध्ये गेले. आपल्याकडं किती जणांना त्यांचं नाव माहीत होतं?

साधारण २४०० खेड्यांत संच बसले. सहा राज्यांत : राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक. महाराष्ट्र नव्हता. पण कर्नाटकातले जिल्हे कुठले, तर गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर. सांगली जिल्ह्यातला जत तालुका जिथं संपतो तिथंच विजापूर जिल्हा लागतो. म्हणजे १९७५ साली जतच्या पलीकडच्या काही दुष्काळी खेड्यांत थेट उपग्रहावरून टीव्ही दिसत होता, आणि अलीकडच्या तितक्याच दुष्काळी खेड्यांत रेडिओवर समाधान होतं!

आणि त्या खेड्यांतली अँटेना कशाची होती? चिकन मेश. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी, तीन मीटरच्या सांगाड्यावर ताणलेली. लहर होती ८६० मेगाहर्ट्झची, म्हणजे ३५ सेंटिमीटर लांब. खुराड्याच्या जाळीची भोकं तिच्यापुढं किरकोळ. वर मुलामा दिलेली जाळी, खाली खुराड्याची जाळी, आणि मधे ३६,००० किलोमीटर.

३१ जुलै १९७६ ला प्रयोग संपला. उपग्रह उसना होता, तो परत गेला. पण आपलं आपण करू शकतो हे इथल्या माणसांना कळलं होतं, आणि पुढच्या इन्सॅट मालिकेचा पाया तिथं घातला गेला.

न उघडलेली छत्री

इथपर्यंत वाचून वाटेल की छत्री उघडणं सोपं आहे. तर आता दुसरी बाजू.

१९८२ च्या एप्रिलमध्ये आपला इन्सॅट-१ए गेला. परकीय कंपनीनं बनवलेला, पण आपल्या मालकीचा. त्याचं सौरशीड, म्हणजे तोल सांभाळायला लावलेलं पान, उघडलंच नाही. इतर अडचणीही होत्याच. सप्टेंबरात उपग्रह सोडून द्यावा लागला.

सगळ्यात प्रसिद्ध किस्सा मात्र गॅलिलिओ यानाचा. गुरू ग्रहाकडं निघालेलं हे यान ऑक्टोबर १९८९ मध्ये सुटलं. त्याची ४.८ मीटरची छत्री, १८ काड्यांची, ११ एप्रिल १९९१ ला उघडायला घेतली. मोटर फिरली, थोडी छत्री हलली, आणि अडकली. काही काड्या मधल्या खांबाला चिकटून राहिल्या होत्या.

शोध घेतला तेव्हा संशयाची सुई कुठं गेली असेल? ट्रकवर! १९८६ च्या चॅलेंजर अपघातामुळं यानाचं उड्डाण काही वर्षं लांबलं. त्या काळात ते कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडाच्या दरम्यान ट्रकमधून नेलं-आणलं गेलं. रस्त्यावरच्या धक्क्यांनी काड्यांच्या टोकांवरचं कोरडं वंगण घासून गेलं असावं, असा निष्कर्ष निघाला. अब्जावधी रुपयांचं यान, आणि कारण काय तर खडखडाट. आपल्या एसटीनं स्वारगेट ते पाटण प्रवास केलेल्या कुणालाही हे लगेच पटेल.

यान उन्हात फिरवून पाहिलं, सावलीत फिरवून पाहिलं, मोटरला हजारो हिसके देऊन पाहिलं. छत्री शेवटपर्यंत उघडली नाही. सेकंदाला १,३४,००० बिट पाठवायचे होते, आता लहान अँटेनानं दहा-वीस बिट जेमतेम जाणार होते.

यापुढचा भाग आपल्या जमातीनं फ्रेम करून लावावा असा आहे. रोलबॅक नव्हता म्हणून त्यांनी पॅच काढला. यानाच्या संगणकासाठी नवीन सॉफ्टवेअर लिहिलं, चित्रं वरच दाबून लहान करायची सोय केली, संदेशाची सांकेतिक पद्धत बदलली, जमिनीवरच्या अनेक बशा एकत्र जोडल्या. हे सगळं रेडिओवरून वर चढवलं. वेग १६० बिटपर्यंत नेला, आणि ठरवलेल्यापैकी सुमारे ७० टक्के विज्ञान पदरात पाडून घेतलं. युरोपाच्या बर्फाखाली समुद्र असावा हे आपल्याला त्यातूनच कळलं.

त्यानंतर आपणही छत्र्या शिकलो. ऑगस्ट २०१५ मध्ये जीसॅट-६ वर इस्रोनं ६ मीटरची उलगडणारी अँटेना वर नेली आणि ती नीट उघडली. मे २०१९ मध्ये रिसॅट-२बी या रडार उपग्रहावर ३.६ मीटरची, काड्यांची छत्री उघडली. ढगांतून आणि अंधारातून बघणारी.

मे २०१९. मग आला ऑगस्ट २०१९. सांगलीकरांना पुढचं सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आठवडाभर ढग हटत नव्हते. अशा वेळी साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला वरून फक्त कापूस दिसतो. रडारला ढग दिसतच नाहीत, त्याला खालचं पाणी दिसतं. स्थिर पाणी आरशासारखं लहर दुसरीकडं फेकून देतं, त्यामुळं चित्रात पूर काळाकुट्ट उमटतो. पुराची हद्द कळण्याचा ढगाळ दिवसातला हा एकच धड मार्ग.

दुसरं डिप्लॉयमेंट

आता आबांच्या गोष्टीकडं येतो.

कोयना धरण १०३ मीटर उंच. १९६२ मध्ये पाणी साठायला सुरुवात झाली. शिवसागर भरू लागला, आणि खालची जमीन कुरकुरू लागली. आधी लहान धक्के, गडगडाट. हा भाग भूकंपाचा समजलाच जात नव्हता. दख्खनचं पठार म्हणजे कसं, घट्ट! मग ११ डिसेंबर १९६७. तीव्रता ६.३ (काही नोंदींत ६.५). कोयनानगर उद्ध्वस्त झालं. पावणेदोनशे ते दोनशे माणसं गेली, हजारावर जखमी झाली. पोफळीचं वीजकेंद्र बंद पडून मुंबईचे दिवे गेले. धरण टिकलं, पण उंच भागांना आडवे तडे गेले. नंतर त्याला मागून काँक्रीटचे टेकू देऊन बळकट केलं.

धरणाच्या पाण्यानं भूकंप चालू होऊ शकतो, याचं जगातलं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणून आज कोयनेचं नाव घेतात. पाण्याचं वजन आणि भेगांतून खोल झिरपणारं पाणी, दोन्ही मिळून आधीच ताणलेल्या खडकाला तो शेवटचा धक्का देतात. ताण निसर्गाचा, बटण आपलं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेचे हर्ष गुप्ता यांनी आयुष्यभर याचा अभ्यास केला. पाण्याची पातळी आठवड्याला १२ मीटरपेक्षा जास्त वेगानं वाढली तर ५ च्या वरचा धक्का बसण्याची शक्यता वाढते, हे त्यांनी दाखवलं. मग १९८५ पासून सांगली जिल्ह्यात चांदोलीला वारणा धरणात पाणी साठू लागलं, आणि १९९३ पासून धक्क्यांचा पट्टा दक्षिणेला वारणेकडंही सरकला. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरचा जेमतेम २० बाय ३० किलोमीटरचा तुकडा, आणि तिथं साठ वर्षं जमीन थांबलेली नाही. कराडजवळ हजारमाचीला यासाठी केंद्र सरकारची खास प्रयोगशाळा आहे. २०१७ मध्ये गोठणे इथं तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं. वरचा काळा पाषाण संपवून खालच्या ग्रॅनाइटपर्यंत.

मी यावर कुठली भूमिका घ्यायला बसलेलो नाही. कोयनेच्या विजेवर महाराष्ट्र उभा राहिला, मीही त्याच विजेवर अभ्यास केला. पण इंजिनीअर म्हणून बघितलं तर धरण भरणं हेही रोलबॅक नसलेलं डिप्लॉयमेंटच आहे. बुडालेली गावं परत येत नाहीत, आणि खडकात शिरलेलं पाणी परत बोलावता येत नाही. पाणी सोडून दिलं तरी १९६१ साल परत येणार नाही.

मग अशा व्यवस्थेत हातात काय उरतं? आपल्याला उत्तर माहीत आहे. रोलबॅक नसेल तर मॉनिटरिंग हवं. लॉग बघणारा माणूस हवा.

१५ ऑगस्ट

३० जुलै २०२५ ला संध्याकाळी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ१६ सुटलं. वर होता निसार, इस्रो आणि नासाचा मिळून बनवलेला रडार उपग्रह. दोन रडार : नासाचं एल-बँड, २४ सेंटिमीटर लहरीचं, आणि इस्रोचं एस-बँड, साधारण ९-१० सेंटिमीटरचं. दोघांत मिळून एकच आरसा : १२ मीटर व्यासाची सोन्याच्या मुलाम्याची जाळी, १२३ हलक्या काड्यांचा सांगाडा, वजन फक्त ६४ किलो. हो, ६४. १२ मीटर म्हणजे आमच्या गावच्या देवळाच्या सभामंडपापेक्षा मोठी वस्तू, आणि वजन माझ्यापेक्षा कमी. (किती कमी ते विचारू नका.)

हा आरसा उड्डाणाआधी एकदा माघारी गेला होता. मार्च २०२४ मध्ये चाचण्यांतून लक्षात आलं की घडी घातलेल्या अवस्थेत अवकाशातल्या उन्हानं तो अपेक्षेपेक्षा जास्त तापू शकतो. सगळं बंगळुरूला जुळवून झालेलं होतं. तरी आरसा काढला, विमानानं कॅलिफोर्नियाला पाठवला, उष्णता परतवणारा लेप दिला, आणि ऑक्टोबरमध्ये परत आणला. वर्षभराहून जास्त उशीर झाला, त्या काळात लोकांनी नावं ठेवली. पण रोलबॅक नसलेल्या कामात रिलीज लांबवणं हीच कधी कधी खरी हिंमत असते. मला स्वतःला मॅनेजरसमोर ते दर वेळी जमलेलं नाही.

९ ऑगस्टला ९ मीटरचा दांडा उघडायला घेतला. सांधे एकेक करून, चार दिवसांत. १५ ऑगस्टला आरसा बांधून ठेवणारे बोल्ट छोट्या स्फोटांनी तोडले. घडीत साठलेल्या ताणानं तो फुलायला लागला, आणि उरलेलं काम मोटरींनी दोऱ्या ओढून पूर्ण केलं. आबांच्या शब्दांत, उघडायची वस्तू हळू उघडली.

'साइट' सुरू झाल्याला त्याच महिन्यात ५० वर्षं झाली होती. तेव्हा उसनी छत्री जतच्या पलीकडं टीव्ही पाडून गेली. आता अर्धी आपली छत्री जत, शिराळा, पाटण, जावळी, सगळ्यांवरून दर १२ दिवसांनी त्याच वाटेनं जाते.

यात आणखी एक उलगडणं आहे, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. १२ मीटरची अँटेना खरं तर अपुरीच आहे. ७४७ किलोमीटर वरून जमिनीवरचे दहा-एक मीटरचे तपशील या लहरींनी बघायचे तर सुमारे १९ किलोमीटर रुंद अँटेना लागली असती. ती कुठल्याच रॉकेटात मावणार नाही. म्हणून उपग्रह चालता चालता हजारो स्पंद सोडतो, आलेले प्रतिध्वनी जपून ठेवतो, आणि खाली संगणक ते सगळे असे जुळवतो जणू ते एकाच प्रचंड अँटेनानं ऐकले. ही १९ किलोमीटरची अँटेना नुसत्या गणितानं उलगडलेली असते. धातूची छत्री एकदाच उघडते, सॉफ्टवेअरची रोज.

लॉग कोण बघणार?

त्याच जागेवरून १२ दिवसांनी परत गेल्यावर दोन चित्रांतल्या लहरींच्या कला ताडून पाहतात. जमीन मधल्या काळात सरकली असेल तर लहरीला थोडं कमी-जास्त अंतर कापावं लागतं, आणि ते कलेतल्या फरकात उतरतं. सेंटिमीटरच्या पातळीवरचा बदल असा कळतो.

आपल्या भागाला २४ सेंटिमीटरची लहर का महत्त्वाची, तर झाडी. आखूड लहरी पानांवरच अडखळतात, आणि पानं तर रोज हलतात. त्यामुळं दोन चित्रं जुळत नाहीत. लांब लहर पानांतून खाली उतरते. कोयना आणि चांदोलीची जंगलं, म्हणजे आजचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, बरोबर त्या भूकंपाच्या पट्ट्यावर पसरली आहेत. त्यात चार महिने ढग. थोडक्यात, या मातीवर नजर ठेवायची तर लांब लहर हवी, लांब लहरीला मोठी अँटेना हवी, आणि मोठी अँटेना घडी घातल्याशिवाय वर जात नाही.

आता अपेक्षा नीट ठेवूया. निसार भूकंपाचं भाकीत करणार नाही. भाकीत कुणालाच येत नाही. कोयनेचे तीन-चार तीव्रतेचे नेहमीचे धक्के तर पृष्ठभाग इतका कमी हलवतात की वरून कळणं अवघड; ते काम जमिनीवरचे भूकंपमापक आणि विंधनविवरातली यंत्रंच करणार.

पण एक गोष्ट अशी आहे जी वरून कळू शकते. २०२१ च्या जुलैत, २२-२३ तारखेला, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथं डोंगर खाली आला. माणसं झोपेत गाडली गेली. सगळेच डोंगर एका रात्रीत येत नाहीत. काही उतार कोसळण्याआधी महिनोन् महिने, वर्षानुवर्षं, सेंटिमीटर-सेंटिमीटर सरकत असतात. त्यांची यादी करणं शक्य आहे. त्या तीन गावांचं असं आधी कळलं असतं, असा दावा मी करणार नाही. पण पुढच्या गावाचं कळण्याची शक्यता पहिल्यांदाच हातात आली आहे.

आणि हा डेटा खुला आहे. पैसे नाहीत, टेंडर नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये उपग्रहाचं नियमित वैज्ञानिक काम सुरू झालं. चित्रं उतरवून घ्यायला इंटरनेट, जरा मोठी डिस्क आणि थोडं पायथॉन लागतं. यांतलं काय आपल्याकडं नाही? सातारा-सांगलीची किती पोरं हिंजवडीत आणि खराडीत बसून परदेशातल्या कुठल्याशा बँकेचे लॉग रात्रभर बघतात! मी त्यांतलाच एक. बँकेचा सर्व्हर दोन मिनिटं बंद पडला तर माझा फोन वाजतो. आमच्या गावामागचा उतार वर्षाला दोन सेंटिमीटर सरकत असेल, तर फोन कुणाचा वाजतो?

अर्थात दोन चित्रं जुळवून आपण लगेच तज्ज्ञ होत नाही. पावसात भिजलेली माती, हवेतलं बाष्प, चुकीचा उंचीचा नकाशा, यांतलं काहीही खोटा सरकाव दाखवू शकतं, आणि खोट्या भीतीनं लोकांना घराबाहेर काढणं हेही पाप. भूगर्भवाल्यांना विचारावं लागेल, डोंगरावर चालत जावं लागेल, म्हाताऱ्यांना विचारावं लागेल की भेगा कधीपासून आहेत. पण सुरुवात करायला कुणाची परवानगी लागत नाही.

मी गेल्या दोन शनिवारांत पहिली चित्रं उतरवली. अजून तरी माझ्या पडद्यावर शिवसागर काळा आणि बाकी सगळी मुंग्यांची रांग दिसते आहे. :) शिकतोय.

आबांचा ट्रान्झिस्टर पुण्याला घेऊन आलोय. नळी दुरुस्त करणारा अजून मिळालेला नाही. पोटातली कांडी मात्र शाबूत आहे. फिरवला की खरखर कमी-जास्त होते.